सेकानीसाठी मागितलेली प्रार्थना

चिविरी,
गुरुवार, १८ फेब्रुवारी १९९९

चि. सेकानी हिला ताईचे आशीर्वाद. ग्रेशमला सलाम सांग.

तुझं पत्र काल हातात पडलं. टपालाने नाही, बसच्या ड्रायव्हरने रुम्फीला कुणाच्या तरी हाती दिलं आणि त्याने ते शाळेत आणून दिलं. मुलांची शुद्धलेखनाची वही तपासता तपासता उघडलं आणि मग वही तशीच राहिली. घरी येऊन आईला वाचून दाखवलं. तुला सातवा महिना लागला हे ऐकून आई उठली आणि भोपळ्याच्या बिया सुपात घेऊन निवडायला बसली. बाळंतिणीला पाठवायच्यात म्हणते. तिचे गुडघे पावसात फार दुखतात, पण त्या बियांना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय ना, मग पडून राहा. चहाच्या मळ्यातल्या बायका काय म्हणतील याचा विचार करू नकोस. ग्रेशमला मक्याच्या पिठाची शिमा ढवळता येत नसेल तर आता शिकेल. पाय उशीवर ठेवत जा. मीठ अगदी कमी. सुकी मासळी तर नकोच. मला माहीत आहे, तुझ्यापुढे उसिपा आली की तुझा हात आवरत नाही. आणि डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काही चमकल्यासारखं झालं, की त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, सोमवारची वाट बघायची नाही. ग्रेशमलाही हे वाचून दाखव.

इकडची बातमी म्हणजे आपल्या चर्चच्या मंडळीला नवे पाळक आलेत. लुहांगा नावाचे. करोंगाकडचे आहेत, उंच, बोलणं हळू. आल्या आल्या त्यांनी चर्चच्या दारामागचा आठवड्याचा तक्ता वाचला. चिटणीस म्हणून माझ्याच अक्षरातला आहे तो. सोमवारी गायकवर्ग, मंगळवारी बांधकाम समिती, बुधवारी महिला मंडळ, गुरुवारी तरुणांचं नाटक, शनिवारी पुन्हा गायकवर्ग. सगळा वाचून झाल्यावर विचारतात, "आणि प्रार्थना कधी?"

न्यासुलू पंच बाजूला उभे होते. तुला आठवतात ना, भर उन्हातही कोट न काढणारे. ते म्हणाले, "पाळकसाहेब, आमची प्रत्येक सभा प्रार्थनेनं सुरू होते. संपतेही प्रार्थनेनंच."

"किती वेळ चालते?"

"पुरेशी."

"साधारण किती मिनिटं?"

"आता देवापुढे घड्याळ कुठं धरायचं," न्यासुलू म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. पाळकही हसले. मला वाटलं, विषय मिटला.

पण पुढच्या रविवारी त्यांनी तो तक्ता भिंतीवरून काढला, गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. ईस्टरपर्यंत एकही सभा होणार नाही म्हणाले. रोज साडेचारला, शेतावरून घरी जाताना, ज्याला जमेल त्याने चर्चमध्ये यायचं आणि प्रार्थना करायची. भाषण नाही, गाणं नाही, चहा नाही. गायकवर्ग रुसून बसलाय, कारण ईस्टरला त्यांची स्पर्धा आहे. नव्या इमारतीच्या विटा गवतात भिजतायत. न्यासुलू म्हणतात, हा माणूस मंडळी बंद पाडायला आलाय.

आणि लोक प्रार्थनेसाठी देतात त्या विनंतीच्या चिठ्ठ्या गोळा करून वाचायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलंय. मी म्हटलं, मला शाळा असते. ते म्हणाले, "शाळा साडेतीनला सुटते, बाई." मी म्हटलं, न्यागोंडवे आजींना सांगा, त्या माझ्याहून जास्त प्रार्थना करतात. "त्यांना वाचता येत नाही. आणि तुमच्या घरानं ते पाहिलेलं आहे. मला इथं ज्यानं त्यानं सांगितलं, तुमच्या बहिणीची लेक आजारी होती तेव्हा अख्खी मंडळी कशी गुडघ्यावर आली होती ते."

मी हो म्हटलं.

तुझ्या पत्रात घडी करून वेगळी ठेवलेली, मंडळीसाठी लिहिलेली चिठ्ठी मिळाली. ती माझ्याकडे आहे. तू काळजी करू नकोस.

मका यंदा छातीपर्यंत आलाय. माकडांचा त्रास आहेच. आपली तांबडी शेळी व्याली, दोन करडं झाली. तुझे दाजी मधाच्या पोळ्यांच्या मागे असतात, मध बरा निघेल असं दिसतं. बाकी विशेष काही नाही.

पडून राहा.

तुझी,
टोवेराताई


चिविरी,
गुरुवार, ११ मार्च १९९९

प्रिय सेकानी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, एकामागोमाग एक. दुसऱ्यातलं अक्षर वाकडं का आलंय? पडल्या पडल्या लिहिलंस म्हणून, की बोटं सुजलीत? खरं काय ते लिही. रक्तदाब एकशे साठ म्हणजे जास्तच आहे. इथल्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ब्लँटायरला मोठ्या दवाखान्याजवळ राहण्याची काही सोय होते का ते बघा. ग्रेशमचा चुलतभाऊ तिथं आहे ना? महिनाभर राहिलात तर काय बिघडणार आहे. लाज धरू नका.

रोजच्या प्रार्थनेबद्दल तू इतकं विचारलंयस, म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी शंभरावर लोक आले. बाकं पुरेनात. चौथ्या दिवशी तीस. दुसऱ्या आठवड्यात नऊ जण, त्यातल्या दोघी पाऊस थांबेपर्यंत टेकलेल्या. आपल्याला हे जमतच नाही गं. इतकी वर्षं चर्चमध्ये काढली, पण कुणी गाणं म्हणत नाही, कुणी बोलत नाही, अशा जागी बसायची वेळ आली तर हातांचं काय करायचं तेही कळत नाही. न्यासुलूंनी पहिल्या दिवशी उठून आदामापासून सुरुवात केली. अब्राहामापर्यंत पोचले तेव्हा मागून न्यागोंडवे आजींचा आवाज आला, "पंच, हे सगळं त्याला ठाऊक आहे. तुमचं काय ते सांगा." लोकांनी हसू दाबलं. न्यासुलू खाली बसले आणि दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, अगदी मागे बसले. त्यानंतर एकही दिवस चुकले नाहीत, हेही खरं.

मी आजींना विचारलं, तुम्ही इतका वेळ नेमकं करता तरी काय. म्हणाल्या, "माणसाचं नाव घ्यायचं आणि गप्प बसायचं. नाव घेतलं की ते माणूस समोर येऊन बसतं. मग त्याला सोडून उठवत नाही."

चिठ्ठ्या मी वाचते. कुणाचा बैल हरवलाय. कुणाचा नवरा जोहान्सबर्गला गेला तो तीन वर्षं झाली, पत्र नाही. एका मुलीने फक्त "परीक्षा" एवढंच लिहिलं होतं. एकाने सही न करता लिहिलं होतं, माझ्या हातून दारू सुटत नाही. ती चिठ्ठी वाचल्यावर कितीतरी वेळ कुणी मान वर केली नाही.

तू विचारलंस की तुझी चिठ्ठी ऐकून कोण काय म्हणालं, आजी रडल्या का. अगं, मंडळी रोज जमते. मी रोज तुझं नाव घेते. एकही दिवस असा जात नाही की घेतलं नाही. शाळेत फळ्यावर गणित लिहिताना घेते, विहिरीवर घेते. तेव्हा त्याची चिंता तू सोड आणि स्वतःकडे बघ.

मला हल्ली जेवण जात नाही. दाजी म्हणतात, चिठ्ठ्या वाचून वाचून जगाची दुखणी अंगाला लावून घेतेस. तसंच असेल.

पाळक फार बारकाईने बघतात. परवा चिठ्ठ्यांची पेटी रिकामी करताना त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या घरचं काही नाही का?" मी म्हटलं, आईचे गुडघे. त्यांनी मान हलवली आणि आईच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. मी मान खाली घालून उभी होते, पण माझं लक्ष त्यांच्या पायांतल्या चपलांकडे होतं.

एक विचारू? तुझ्या वेझीच्या आजारपणात, त्या रविवारी दवाखान्यात, तुला नेमकं काय वाटत होतं? आम्ही इकडे आहोत असं खरंच वाटत होतं का? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. नकोच देऊस. हा प्रश्न मी लिहायलाच नको होता, पण आता पानाच्या मागच्या बाजूलाही मजकूर झालाय, फाडता येत नाही.

बिया निवडून झाल्या. आईने फडक्यात शिवून ठेवल्यात. कुणी तुमच्या थ्योलोकडे येणारं मिळालं की पाठवते.

ब्लँटायरचं बघा. हात जोडून सांगते.

तुझी,
ताई


चिविरी,
सोमवार, १९ एप्रिल १९९९

प्रिय सेकानी,

बाळाला आणि तुला खूप खूप आशीर्वाद. तू स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र गुरुवारी आलं. आईला ते तीनदा वाचून दाखवलं. मुलगा आता दोन किलोच्या वर गेला, दूध ओढतो, तुझा रक्तदाब उतरला, हे ऐकताना आई प्रत्येक वेळी "पुन्हा वाच" म्हणत होती. शेवटचा परिच्छेद मात्र मी तिन्ही वेळा वाचला नाही.

तू लिहिलंयस, "वेझीच्या वेळी देवाने वेगळं उत्तर दिलं, पण तेव्हाही तुम्ही सगळे माझ्याबरोबर होतात, त्यावर मी ही तीन वर्षं काढली. या वेळीही तुमच्याच प्रार्थनेने मला ओढून काढलं."

सेकानी, हे पत्र बसून वाच. ग्रेशम घरी असताना वाच. बाळ झोपलेलं असू दे. तुझा रक्तदाब उतरेपर्यंत मी थांबले, ते खरंच तुझ्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे आता मला सांगता येणार नाही.

वेझीसाठी मंडळीने प्रार्थना केली नाही.

तू पाठवलेली चिठ्ठी मला मिळाली होती. तुम्ही मळ्यावर राहायला जायच्या आधीचा, ऑक्टोबरातला दुसरा रविवार. दवाखान्यातला माळी सायकलवरून आला होता, घामाने भिजलेला. उपासना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. तू लिहिलं होतंस, मेंदूचा ताप आहे, ती मला ओळखत नाही, आत्ता सगळ्यांनी प्रार्थना करा, आत्ता. आत्ता हा शब्द दोनदा होता. त्या दिवशी चर्चच्या मुख्य कचेरीतून पाहुणे आले होते, बाहेर चार ठिकाणच्या मंडळ्यांचे गायकवर्ग रांगेने उभे होते, आणि माझ्या हातात सूचनांची तीन पानं. न्यासुलू म्हणाले, "बाई, आज विनंत्या वगळा, पाहुणे ताटकळतील. पुढच्या रविवारी घेऊ." ते तसं म्हणाले हे खरं आहे. पण ती चिठ्ठी त्यांनी वाचली नव्हती. मी वाचली होती. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की माझ्या बहिणीची लेक मरणाच्या दारात आहे. मला वाटलं, सगळी घडी विस्कटेल. चिठ्ठी गीतपुस्तकात ठेवली आणि सूचना वाचल्या. ताटांची व्यवस्था कुठे, कुठल्या मंडळीने कुणानंतर गायचं, गाड्या कुठे लावायच्या.

हे इथेच थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. उपासनेनंतर अख्खी दुपार होती. मी पाहुण्यांना भात आणि कोंबडी वाढत होते. पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, तुमचं वाचन किती स्पष्ट आहे. मला ते आवडलं. सेकानी, मला ते इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत मी त्यातच होते. चिठ्ठी आठवली तेव्हा अंधार पडायला आला होता, सगळे आपापल्या वाटेने गेले होते. मी स्वतः एकटीने तरी गुडघे टेकले का? नाही. थकले होते. उद्या सकाळी दवाखान्यातच जाऊ म्हटलं. सकाळी मी निघाले आणि पुलाजवळ ग्रेशम समोरून येताना दिसला. त्याच्या चालण्यावरूनच मला कळलं.

मातीच्या दिवशी तू माझ्या गळ्यात पडलीस. म्हणालीस, "ताई, रविवारी मला कळत होतं गं. तुम्ही सगळे होतात ना माझ्याबरोबर?" आणि मी म्हटलं, "हो."

सूचना, भात, थकवा, हे सगळं मी एखाद्यापुढे मांडू शकते. त्या 'हो'चं काय करू?

मग महिन्याने तुझं आभाराचं पत्र आलं आणि तेव्हाच्या पाळकांनी ते उपासनेत वाचलं. लोक डोळे पुसत होते. मी बघत होते, आता कुणीतरी उठेल, म्हणेल, कसली प्रार्थना, आम्हाला तर कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी उठलं नाही. उलट पुढे पुढे लोक आठवणी सांगायला लागले. मी तिथे होतो, मी असा ओणवा झालो होतो, माझ्या अंगावर काटा आला होता. ते खोटं बोलत होते असं नाही. त्यांना तसं आठवत होतं. आपली मंडळी प्रार्थना करणारी मंडळी आहे, असं आम्ही सगळे तुझ्या त्या पत्राच्या जोरावर धरून चाललो. मग रोज बसायची गरज कुणाला वाटणार?

या वेळी तुझी चिठ्ठी आली आणि पहिलीच ओळ होती, "वेझीच्या वेळी केली तशीच प्रार्थना माझ्यासाठी करा." तेवढी ओळ गाळून वाचावी असं मनात आलं. ते जमेना. सगळी वाचावी, तर तेही जमेना. पाच आठवडे ती माझ्या स्कर्टच्या खिशात होती. मी तुला "मी रोज नाव घेते" असं लिहिलं, ते खरं होतं. पण तू मंडळीबद्दल विचारलं होतंस, आणि मी तुला पुन्हा एकदा 'हो'सारखंच काहीतरी लिहून पाठवलं.

चोवीस मार्चला, बुधवारी, पोस्टमास्तर स्वतः शाळेत आले. ग्रेशमचा फोन आला होता. तुला झटके आले, ब्लँटायरला नेलंय, ऑपरेशन करणार, तुझं सांगता येत नाही, बाळाचंही नाही. आणि शेवटचा निरोप, "मंडळीला सांगा."

मी वर्ग तसाच सोडला. बातमी माझ्याआधी पोचली होती. चर्चमध्ये साठ-सत्तर माणसं जमली होती. चिखलाच्या पायांनीच आली होती सगळी. पाळक म्हणाले, "बाई, सांगा."

मी तुझी चिठ्ठी काढली. घामाने मऊ पडली होती. वाचायला लागले आणि पहिल्या ओळीतच अडकले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. मग म्हटलं, "तशीच करा म्हणून तिनं लिहिलंय. तशी करू नका. तेव्हा आपण केलीच नव्हती."

गायकवर्गातली न्याकायरा म्हणाली, "असं कसं बाई? मी स्वतः केली होती. मला चांगलं आठवतं."

"तिची चिठ्ठी मी वाचलीच नव्हती. माझ्या गीतपुस्तकात होती. मग तुम्हाला कळणार कुठून?"

ती बोलायला गेली आणि थांबली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला आठवत असलेली ती दुपार तिच्या हातून निसटून चालली होती. बाकीच्यांचंही तेच. कुणी रागावलं नाही. लोक एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

न्यासुलू मागून उठले. मला वाटलं, आता हे मला थांबवतील. "विनंत्या वगळा असं मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "कुणाच्या आहेत, काय आहेत, विचारलंसुद्धा नाही." मग चिडल्यासारखं, "पण आता हे कशाला काढलंत? ती पोर तिकडे टेबलावर पडलीये."

"मग करा की आता," न्यागोंडवे आजी म्हणाल्या. "भांडता काय तिच्या उशाशी."

आणि त्या एक हात बाकावर टेकून खाली बसल्या. त्यांना गुडघे टेकायला किती वेळ लागतो तुला माहीत आहे. तेवढा वेळ सगळी मंडळी नुसती बघत उभी होती. मग एकेक करून खाली गेली.

तुझं नाव पहिल्यांदा न्यासुलूंनी घेतलं. सेकानी, एवढंच. पुढे काही नाही. आदाम नाही, अब्राहाम नाही. मग कुणीतरी पुन्हा, मग कुणीतरी. ग्रेशमचं नाव घेतलं. पोटातल्या बाळाला नाव नव्हतं, तर न्याकायरा "ते लहानगं" म्हणाली. आणि खूप वेळाने, कुणीच काही म्हणत नव्हतं तेव्हा, पाळकांनी वेझीचं नाव घेतलं. त्यांनी तिला कधी पाहिलेलंही नाही. तेव्हा मात्र चर्चमध्ये सगळीकडून रडण्याचा आवाज आला. साडेतीन वर्षांनी आम्ही तुझ्या लेकीसाठी रडलो.

उजेड संपेपर्यंत एकही माणूस उठलं नाही. मला शांती मिळाली असं मी लिहिणार नाही. मला सारखं वाटत होतं, आता पुन्हा निरोप येणार, आणि या वेळी सगळ्यांना ठाऊक असेल की कुणामुळे. दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमास्तर सायकल हातात धरून चढावरून येताना दिसले, तेव्हा मी वर्गाच्या दाराला धरून उभी राहिले. ते लांबूनच ओरडले, "दोघंही आहेत बाई, दोघंही."

पुढच्या आठवड्यात मी पाळकांकडे गेले. चिठ्ठ्यांचं काम आणि मंडळीचं चिटणीसपण दोन्ही सोडते म्हटलं. आणि इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, "तेव्हा प्रार्थना झाली असती तर वेझी वाचली असती का?"

ते म्हणाले, "मला माहीत नाही. हो म्हटलं तर तुम्हाला चिरडून टाकेन. नाही म्हटलं तर आपण रोज इथं बसतो कशाला? पण तुमची बहीण त्या दिवशी एकटी होती, आणि आपण एकटे नाही असं समजून बसली होती. एवढं मला माहीत आहे."

काम सोडू दिलं नाही. तक्ता परत मागितला आणि कोरा कागद दिला. आता रोज साडेचारला प्रार्थना, ती ईस्टरनंतरही चालू राहिली आहे. रविवारी उपासनेत आधी विनंत्या, आणि सूचना सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. गायकवर्ग स्पर्धेला गेला नाही. चार घरं रागावून खालच्या गावच्या मंडळीत जायला लागली. बाजारात माझ्याशी काही बायका बोलत नाहीत, काही मात्र आधीपेक्षा जास्त बोलतात, आणि दोन्ही मला सारखंच जड जातं. न्यासुलू म्हणाले, सेकानीला लिहाल तेव्हा माझंही नाव लिहा, गाळू नका. म्हणून लिहिलं. ते कोट घालून रोज येतात, चाळीसेक माणसं असतात. फार नाहीत. पण ती येतात.

आईलाही मी सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवून चुलीत लाकूड सारलं. दोन दिवसांनी म्हणाली, "हे तिच्या तोंडावर सांग. कागदावर सांगून घरी बसू नकोस."

म्हणून मी येतेय. हे पत्र उद्याच्या बसने येईल, शनिवारपर्यंत तुला मिळावं. शाळेला सुट्टी लागतेय. मी पुढच्या सोमवारी निघेन आणि बुधवारी दुपारी तुमच्या मळ्याच्या फाटकाशी उतरेन. मधले चार दिवस तुझे आहेत. मी दारात आलेली तुला नको असेन, तर ग्रेशमला फाटकाशी पाठव आणि त्याने नुसतं "नाही" म्हणावं. मी त्याला काही विचारणार नाही, त्याच बसने परत फिरेन. तुझ्या जागी मी असते तर दार उघडलं असतं की नाही, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं. प्रामाणिकपणे सांगते, मला माहीत नाही.

आणि दार उघडलंस, तर मला लगेच माफ करू नकोस. आधी मला सगळं विचार. त्या रविवारी तू तिथे कशी बसली होतीस, वेझी काय करत होती, तू तिच्याशी काय बोलत होतीस, ते मला सांग. मी तेव्हा ऐकायला नव्हते.

या वेळी कुणी विचारलं तर 'हो' म्हणणार नाही, जे घडलं तेच सांगेन,

तेव्हा तुझ्याबरोबर नसलेली,
तुझी बहीण,
टोवेरा